थांब म्हणायचं कुणी?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या प्रसिद्ध बागेत एका खडकावर कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मुलं त्याच्या पाठीवर चढतात, मानेला मिठी मारतात, आई-वडील फोटो काढतात. इतके हात त्यावरून फिरले आहेत, की पुतळ्याची पाठ घासून सोन्यासारखी चकाकते. हा बाल्टो. १९२५ च्या डिसेंबरात या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा बाल्टो स्वतः समारंभाला हजर होता. स्वतःचा पुतळा पाहायचं भाग्य माणसांच्याही वाट्याला क्वचित येतं. ते या कुत्र्याच्या वाट्याला आलं.

पुतळ्याच्या पाटीवर तीन शब्द आहेत. सहनशक्ती, निष्ठा आणि बुद्धी. शब्द चांगलेच आहेत. पण बर्फावरची स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचत गेलो, की यातले पहिले दोन शब्द मनाला टोचू लागतात. ज्या गुणांसाठी आपण कुत्र्याचा पुतळा उभारला, तेच गुण लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्याच्या जिवावर उठतात. ते कसं, हे आज आपण पाहू.

त्यासाठी अलास्काला जायला हवं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाचा हा बर्फाळ मुलूख. १८६७ मध्ये अमेरिकेने तो रशियाकडून विकत घेतला. तिथल्या बेरिंग समुद्राच्या काठी नोम नावाचं गाव आहे. १८९८ मध्ये या भागात सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. उन्हाळ्यात जहाजं येत. पण हिवाळ्यात समुद्र गोठला की गाव जगापासून तुटायचं. ना रस्ता, ना रेल्वे. टपाल, धान्य, औषधं, आजारी माणूस, खाणीतलं सोनं, सगळं जायचं-यायचं ते कुत्र्यांच्या स्लेजवरून. इनुपियाट आणि अथाबास्कन या तिथल्या मूळ रहिवाशांचं जगणं तर कुत्र्यांशी कधीपासूनच बांधलेलं होतं. शेतकऱ्याच्या दारात बैल असावा, तसा त्यांच्या दारात कुत्रा.

जिथे जनावर आहे आणि माणसाच्या खिशात पैसा आहे, तिथे पैज आलीच. १९०७ मध्ये नोमला कुत्रेवाल्यांचा एक क्लब निघाला आणि १९०८ पासून ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ ही शर्यत सुरू झाली. नोमहून कँडल या गावी जायचं आणि परत यायचं; एकूण ४०८ मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरहून थोडं जास्त. पहिल्या विजेत्याला ११९ तास लागले. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, सैबेरियाहून आणलेल्या लहान चणीच्या कुत्र्यांनी हेच अंतर साधारण ७४ तासांत कापलं. या कुत्र्यांना आधी लोक ‘सैबेरियन उंदीर’ म्हणून हसत होते. शर्यतीनंतर हसणं थांबलं आणि त्यांच्या किमती वाढल्या.

या जुन्या शर्यतीचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जितके कुत्रे घेऊन निघालात, तितके सगळे परत आणायचे. वाटेत एखादा लंगडला, थकला, तर त्याला स्लेजवर घालून आणायचं. बदली कुत्रा घ्यायचा नाही. नियमामागे दया किती आणि फसवणूक टाळण्याचा हेतू किती, हा हिशेब वेगळा. पण परिणाम असा झाला, की जो आपल्या कुत्र्यांना दमवून टाकील, त्याला त्यांचंच ओझं वाहावं लागे. कुत्र्याची काळजी घेणं हा जिंकण्याचाच भाग ठरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ नंतर, ही शर्यत बंद पडली. शेवटची तिन्ही वर्षं जिंकणारा होता नॉर्वेहून आलेला लेनार्ड सेपाला.

हाच सेपाला पुढे १९२५ मध्ये जगभर गाजला. त्या वर्षी जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. बाळांना लस टोचल्यामुळे हा रोग आज आपल्याला फारसा दिसत नाही, पण तेव्हा तो मुलांचा गळा आवळून जीव घ्यायचा. गावात कर्टिस वेल्च हे एकच डॉक्टर, आणि त्यांच्याजवळचं प्रतिविष जुनं झालेलं. अँकरेजच्या इस्पितळात तीन लाख युनिट प्रतिविष मिळालं. ते रेल्वेने नेनाना या ठिकाणी आलं. तिथून नोम ६७४ मैल, म्हणजे जवळपास १०८५ किलोमीटर. उघड्या विमानाने नेणं धोक्याचं. मग वीस माणसं आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी हाती-हाती द्यावं तसं ते औषध पुढे पोचवलं. २७ जानेवारीच्या रात्री नेनानाहून निघालेलं औषध २ फेब्रुवारीच्या पहाटे नोमला पोचलं. साडेपाच दिवस. सर्वांत मोठा टप्पा होता सेपालाचा. त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. औषध आणायला जाणं आणि घेऊन येणं मिळून टोगोने २६१ मैल तुडवले. म्हणजे जवळपास ४२० किलोमीटर. बाल्टो शेवटच्या टप्प्याच्या संघात पुढे होता, म्हणून गावात शिरताना लोकांनी पाहिला तो बाल्टो, आणि पुतळा झाला तोही बाल्टोचा.

ही गोष्ट सिनेमांनी पुष्कळ सांगितली आहे. सिनेमात फारसं येत नाही ते सांगतो. पहिल्या टप्प्यावर निघालेल्या बिल शॅननच्या वाटेवर थंडी उणे ४५ अंश सेल्सियसच्या आसपास होती. त्याचे काही कुत्रे वाटेतच मागे ठेवावे लागले आणि त्यांतले किमान तीन मेले. पुढच्या एका टप्प्यावर चार्ली इव्हान्स हा एकवीस वर्षांचा तरुण होता. कुत्र्याच्या जांघेत केस विरळ असतात, म्हणून तिथे सशाची कातडी बांधायची रीत होती. घाईत ती बांधायची राहिली. त्याचे दोन्ही म्होरके कुत्रे हिमदंशाने कोसळले. त्यांना स्लेजवर घालून त्यांच्या जागी इव्हान्स स्वतः जुंपला गेला आणि पायी ओढत त्याने टप्पा पूर्ण केला. कुत्रे वाचले नाहीत.

गावातली मुलं मरत होती. तिथे कुत्र्यांच्या जिवाचा हिशेब मांडायला कुणाची जीभ रेटेल? कुणीही तेच केलं असतं. पण त्या धावेत कुत्र्याच्या शरीरावर काय काय ओढवतं, ते स्पष्ट दिसलं होतं. पुढे गरज संपली आणि धाव मात्र उरली. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

बाल्टोचं पुढे काय झालं, तेही ऐका. तो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि लॉस एंजेलिसमध्ये तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या एका तमाशात, वाईट अवस्थेत सापडले. १९२७ मध्ये क्लीव्हलंड शहराच्या लोकांनी, शाळेच्या पोरांनीसुद्धा, पैसे गोळा करून त्यांना सोडवून आणलं. म्हणजे पुतळा होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि ज्याचा पुतळा, तो जिवंत कुत्रा हालात दिवस काढत होता. टोगोचं नशीब बरं. तो सोळा वर्षांचा होऊन १९२९ मध्ये गेला. लांब धावलेला प्रत्येक कुत्रा अल्पायुषी ठरतो असं नाही. हे टोगोकडे पाहून मान्य करायला हवं.

पुढे विमानं आली, टपाल विमानाने जाऊ लागलं. १९६० च्या दशकात बर्फावर चालणाऱ्या मोटारी खेडोपाडी पोचल्या. कुत्र्याला रोज खायला लागतं, मोटारीला चालेल तेव्हाच पेट्रोल. दारातले कुत्रे नाहीसे होऊ लागले. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला याची हळहळ वाटली. १९६७ मध्ये त्याने डोरोथी पेज यांच्याबरोबर एक छोटी शर्यत भरवली आणि १९७३ मध्ये अँकरेज ते नोम ही महाशर्यत सुरू केली. तिचं नाव ‘इडिटारॉड’. ही शर्यत घटसर्पाच्या औषधाची आठवण म्हणून सुरू झाली, असं पुष्कळांना वाटतं. रेडिंग्टनचा मुख्य हेतू वेगळा होता. स्लेजचे कुत्रे आणि तो जुना मार्ग, दोन्ही टिकावेत, हा त्याचा ध्यास होता.

अंतर किती? सुमारे एक हजार मैल, म्हणजे १६०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाणारी आपली रेल्वे १३८४ किलोमीटर धावते, यावरून अंदाज करा. डोंगर, गोठलेल्या नद्या, गोठलेला समुद्रकिनारा, असा हा रस्ता. १९७३ मध्ये ३४ संघ निघाले, २२ पोचले. विजेत्याला वीस दिवस लागले. आणि त्या पहिल्याच शर्यतीत किमान पंधरा कुत्रे मेले. जी शर्यत कुत्रे टिकावेत म्हणून सुरू झाली, तिची सुरुवात अशी झाली.

वीस दिवसांचा हा काळ पुढे उतरत गेला. २०१७ मध्ये विजेता ८ दिवस ३ तास आणि काही मिनिटांत नोमला पोचला. वाट सुधारली, खाणं सुधारलं, कुत्र्यांची निपज सुधारली, तालीम सुधारली. पण वीस दिवसांचं काम आठ दिवसांत होतं, तेव्हा शरीराकडून काय मागितलं जातं? इथे आपल्याला इतिहास थोडा बाजूला ठेवून कुत्र्याच्या पोटात, छातीत डोकवावं लागेल.

स्लेजचा कुत्रा काही राक्षसी नसतो. वजन वीस-पंचवीस किलो. पण शर्यतीच्या दिवसांत तो रोज दहा हजारांहून जास्त कॅलरी जाळतो. अंगमेहनत करणाऱ्या धडधाकट माणसाला दिवसाला तीन-साडेतीन हजार पुरतात, आणि तो कुत्र्याच्या अडीच-तीन पट वजनाचा असतो. प्राणवायू वापरण्याची या कुत्र्याची ताकद, वजनाच्या हिशेबात, जगातल्या उत्तम धावपटूच्या दुपटीहून जास्त भरते. हे इंधन येतं मुख्यतः चरबीतून. १९७० च्या दशकात पेनसिल्व्हानिया विद्यापीठातले डेव्हिड क्रॉनफेल्ड यांनी दाखवून दिलं, की माणसाच्या धावपटूसारखं पिष्टमय खाणं या कुत्र्यांना मानवत नाही. त्यांना हवी चरबी आणि भरपूर प्रथिनं. प्रथिनं कमी पडली तर रक्त उतरतं. तेव्हापासून वाटेतल्या मुक्कामांवर बर्फ वितळवून त्यात मांस, मासे आणि चरबी उकळून द्यायची पद्धत पक्की होत गेली.

आणखी एक नवल संशोधकांना सापडलं. आपण रोज शंभर मैल पळायचं ठरवलं, तर दिवसागणिक मोडत जाऊ. या कुत्र्यांचं तसं होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत स्नायूंमधला साखरेचा साठा झपाट्याने उतरतो, रक्तात स्नायू झिजल्याच्या खुणा वाढतात. आणि मग, धाव चालू असतानाच, शरीर घडी बदलतं. साठा वाचवून चरबीवर चालू लागतं, झिजेच्या खुणा पुन्हा कमी होतात. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य मायकेल डेव्हिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. म्हणून शर्यतीचे समर्थक म्हणतात, की हा कुत्रा धावण्यासाठीच जन्मलेला आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जुंपायची तयारी दिसली, की हे कुत्रे उड्या मारतात, किंचाळतात, दोरी ताणतात. त्यांना धावायचं असतं, यात शंका नाही.

पण त्याच डेव्हिस यांनी दुसरीही बाजू पाहिली. शर्यत संपवून आलेल्या कुत्र्यांच्या जठरात त्यांनी दुर्बीण घातली. जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठरात व्रण किंवा रक्तस्राव आढळला. त्यांच्या श्वासनलिका तपासल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८१ टक्के कुत्र्यांच्या श्वसनमार्गात चिकट स्राव साचलेला मिळाला. कारण समजण्यासारखं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. तासन्‌तास गोठवणारी कोरडी हवा छातीत ओढली, की आतलं अस्तर सुकतं आणि सुजतं. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंना जसा दमा होतो, तशातलाच हा प्रकार.

आता गंमत अशी, गंमत म्हणजे दुःखाची, की जठरात व्रण असलेले कित्येक कुत्रे वरून अगदी ठीक दिसत होते. खात होते, शेपूट हलवत होते, ओढत होते. मग एखाद्या दिवशी व्रणातून एकाएकी रक्त वाहतं. किंवा धावता धावता उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. १९९४ ते २००६ या काळात इडिटारॉडमध्ये मेलेल्या २३ कुत्र्यांच्या शवविच्छेदनाचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात हीच कारणं पुढे आली. आणि काही मृत्यू असे, की फाडून पाहिल्यावरही कारण सापडलं नाही. कुत्रा धावत होता आणि पडला, एवढंच.

बाकीची दुखणी त्यामानाने साधी, पण रोजची. पंज्यांच्या बेचक्यात बर्फाचे खडे होऊन कातडी फाटते. मनगट आणि खांदा मुरगळतो. जुलाब तर जवळपास ठरलेले. आणि एक गोष्ट आपल्याला ऐकायला विचित्र वाटेल. या कुत्र्यांना थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास लवकर होतो. शून्याच्या आसपासचं तापमान त्यांना गरम वाटतं, कारण आतली भट्टी पेटलेली असते. म्हणून बरेच गाडीवान रात्री धावतात आणि दुपारी विसावा घेतात. पण अलास्काचे हिवाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. वाटेवर बर्फ पुरेसा नसल्यामुळे २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये शर्यतीची सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली.

स्लेजच्या गाडीवानाला तिथे ‘मशर’ म्हणतात. चांगल्या मशरचं सगळं कौशल्य कुत्र्याच्या पाठीकडे पाहण्यात असतं. कारण कुत्रे पुढे आणि तो मागे. त्याला त्यांचे चेहरे दिसत नाहीत. त्याला दिसते ती दोरी. दोरी सैल पडली, की तो कुत्रा ओढत नाही, काहीतरी बिनसलं आहे. पण काही कुत्रे जात्याच असे असतात, की दुखत असलं तरी दोरी सैल पडू देत नाहीत. अशा कुत्र्याला आपण निष्ठावान म्हणतो, त्याच्यावर कविता लिहितो. मीही कविता लिहिणारा माणूस आहे. निष्ठा हा शब्द आम्हां लोकांचा फार लाडका. पशुवैद्य मात्र अशाच कुत्र्याला सर्वांत जास्त घाबरतो. कारण तो सांगत नाही.

म्हणून या शर्यतीचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीत नाही, नियमांच्या पुस्तकात आहे. आता वाटेत वीसहून जास्त ठाणी असतात आणि ठाण्याठाण्यावर पशुवैद्य असतात. ते कुत्र्याची भूक पाहतात, मन पाहतात, वजन, पाणी, हृदय आणि फुफ्फुसं पाहतात. सुटण्याआधी प्रत्येक कुत्र्याचा हृदयाचा आलेख काढतात, रक्त तपासतात. उत्तेजकांची चाचणी होते. चोवीस तासांचा एक आणि आठ-आठ तासांचे दोन विसावे सक्तीचे आहेत. प्रत्येक कुत्र्यासाठी आठ पायमोजे जवळ बाळगावे लागतात. जठराच्या व्रणांवरचं संशोधन पुढे आल्यावर आम्ल कमी करणारी औषधं देण्याची रीत पडली. थकलेला किंवा दुखावलेला कुत्रा ठाण्यावर सोडता येतो आणि स्वयंसेवक वैमानिक आपल्या छोट्या विमानांतून त्याला परत नेतात. १९०८ च्या नियमाच्या हे अगदी उलट. तेव्हा कुत्रा सोडता येत नव्हता. आता सोडायलाच हवा. दोन्ही नियमांनी गाडीवानाला एकच गोष्ट शिकवायची होती, ती म्हणजे मागे वळून पाहणं.

या पुस्तकातली एखादी ओळ कशी लिहिली गेली, त्याचं एक उदाहरण देतो. २०१३ मध्ये डोराडो नावाचा कुत्रा उनालाक्लीट या ठाण्यावर सोडला होता. आजार गंभीर नव्हता. परतीच्या विमानाची वाट पाहत तो इतर कुत्र्यांबरोबर बांधलेला होता. रात्री वादळ झालं, बर्फाचे ढीग साचले आणि त्याखाली गुदमरून तो मेला. शर्यतीत नव्हे, शर्यतीतून सुटल्यावर. पुढच्या वर्षापासून अशा कुत्र्यांसाठी लाकडी निवारे बांधले गेले. निवाऱ्याची कल्पना काही फार अवघड नव्हती. पण ती सुचायला डोराडोला जावं लागलं.

इतकं सगळं करूनही मृत्यू थांबलेले नाहीत. कमी झाले, हे खरं. २०२० ते २०२३ या चार शर्यतींत एकही कुत्रा दगावला नाही. लोकांना वाटलं, आता जमलं. आणि २०२४ मध्ये तीन कुत्रे मेले. २०२५ मध्ये आणखी एक. प्राणिहक्कवाल्या संघटनांच्या मोजणीप्रमाणे १९७३ पासूनचा आकडा दीडशेवर जातो. त्यांच्या दबावामुळे वेल्स फार्गो बँकेने २०१७ मध्ये आणि एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने पुढे काही वर्षांनी प्रायोजकत्व सोडलं. शर्यतवाले म्हणतात, शेकडो कुत्रे धावतात, त्यात एखाद-दुसरा मृत्यू इतरत्रही झाला असता. विरोधक म्हणतात, घरी अंगणात झोपलेला कुत्रा उलटी छातीत जाऊन मरत नाही. शिवाय शर्यतीबाहेरच्या उरलेल्या वर्षात साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्यांचं काय, ज्यांची संघात निवड होत नाही त्यांचं काय, असेही प्रश्न ते विचारतात. हे प्रश्न रास्त आहेत.

माझं मन मात्र २०१९ च्या एका प्रसंगापाशी अडतं. शर्यतीत एक मशर बराच पुढे होता. जिंकणार, असंच सगळे धरून चालले होते. किनाऱ्यावरच्या शाक्टूलिक आणि कोयुक या दोन गावांच्या मध्ये त्याचे दोन कुत्रे आपसात भांडू लागले. तो एकावर ओरडला. तो आवाज बाकीच्यांना लागला असावा. सगळा संघ बसला तो उठेच ना. ना थकवा, ना आजार. त्याने समजावलं, खाऊ घातलं, वाट पाहिली. कुत्रे हलले नाहीत. मागचे संघ एकेक करून पुढे निघून गेले आणि अखेर त्याला शर्यत सोडावी लागली. लोकांनी याला कुत्र्यांचा रुसवा म्हटलं. मला वाटतं, ते त्या कुत्र्यांचं बोलणं होतं. अख्ख्या संघाने मिळून नकार दिला, म्हणून तो जगाला ऐकू आला. एकट्या कुत्र्याच्या पोटातला व्रण असा ऐकू येत नाही.

आपल्या भाषेत जनावराला ‘मुकं’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण थोडा फसवाही आहे. मुका म्हटलं, की न ऐकण्याचा दोष आपल्यावरून निघून जातो. हदीसमध्ये एक गोष्ट येते. वाटेने जाणाऱ्या एका माणसाला फार तहान लागली. विहिरीत उतरून तो पाणी प्याला. वर आला तर एक कुत्रा जीभ बाहेर काढून, तहानेने ओली माती चाटत होता. माणूस मनाशी म्हणाला, मला जी तहान लागली होती तीच याला लागली आहे. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या पायताणात पाणी भरलं, ते दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजलं. तेवढ्यावर अल्लाहने त्याची पापं माफ केली. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो. पूर्वी मला त्यातलं पाणी पाजणं महत्त्वाचं वाटायचं. स्लेजच्या कुत्र्यांचा हा इतिहास वाचल्यावर त्या आधीचं वाक्य महत्त्वाचं वाटू लागलं. कुत्रा काही बोलला नव्हता. त्याची बाहेर आलेली जीभ त्या माणसाने वाचली.

इडिटारॉड बंद करावी की चालू ठेवावी, हे अलास्कातली माणसं ठरवतील. पण शंभर वर्षांच्या या हकिकतीतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. धावण्याची हौस कुत्र्याची असेल, ताकद तर त्याची आहेच. सशाची कातडी बांधायची आठवण, पायमोजे, विसाव्याचे तास, जठराचं औषध, वादळातला निवारा, ही सगळी कामं मात्र दोरीच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची आहेत. कुत्रा मालकासाठी मरेपर्यंत धावेल, हे आपल्याला केव्हाच ठाऊक झालं आहे. त्याची परीक्षा शंभर वेळा घेऊन झाली. मरण्याआधी त्याला थांब कोण म्हणतं, ही परीक्षा आपली आहे. सेंट्रल पार्कमधल्या त्या पाटीवर तिच्याबद्दल एक अक्षरही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)